जहाजावरचा हातपंपी संडास : एका छोट्या दाराचा इतिहास

झाशीच्या शहरकोटाला दहा दरवाजे : खंडेराव, दतिया, उन्नाव, बडागाव, लक्ष्मी, सागर, ओरछा, सैंयर, भांडेर आणि झिरना. यांतल्या ओरछा गेटाविषयीची एक गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १८५८ च्या मार्चमध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने झाशीला वेढा घातला आणि ३ एप्रिलला शहरावर हल्ला चढवला. शहर कसे पडले, याची दोन उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर तोफांचे आणि शिड्यांचे आहे : सैंयर आणि झिरना या दरवाजांच्या दरम्यान तटाला खिंडार पडले, आणि दुसऱ्या बाजूंनी सैनिक शिड्या लावून तटावर चढले. दुसरे उत्तर लोकपरंपरेचे आहे : दुल्हाजू नावाच्या माणसाने ओरछा दरवाजा आतून उघडला. वृंदावनलाल वर्मा यांच्या १९४६ च्या ‘झाँसी की रानी’ या कादंबरीमुळे ही दुसरी कथा दूरवर पोचली.

आजच्या टिपणाचा विषय मात्र जहाजावरील संडास हा आहे. समुद्रापासून इतक्या दूरच्या एका दरवाजापाशी सुरुवात करण्याचे कारण साधे आहे. बोटीत पाणी शिरते तेही दोनच वाटांनी : बोटीला खिंडार पडते, किंवा आपणच ठेवलेले एखादे दार उघडे राहते. खडकावर आपटून फुटलेल्या जहाजांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आपण दुसऱ्या वाटेकडे पाहणार आहोत. बोटीच्या तळाला मुद्दाम पाडलेल्या भोकांपैकी सर्वांत दुर्लक्षित भोक संडासाचे असते. ते केव्हा पडले, कसे चालते, कशाने बिघडते आणि त्याची राखण कोणी केली, हे चार प्रश्न आपल्यापुढे आहेत. चौथ्या प्रश्नात तुम्ही-आम्ही सगळेच येतो, म्हणून त्याला थोडी जास्त जागा दिली आहे.

नाळेवरची बैठक

शिडाच्या मोठ्या युद्धनौकांवर खलाशांचा संडास जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे नाळेवर असे. इंग्रजीत जहाजाच्या संडासाला आजही ‘हेड’ म्हणतात, तो शब्द या जागेवरून आला. पुढचे टोक निवडण्यामागे वाऱ्याचा हिशेब होता. आडव्या शिडांचे जहाज वाऱ्याच्या थेट विरुद्ध जाऊ शकत नाही. वारा बहुधा मागून किंवा बाजूने येतो. त्यामुळे पुढच्या टोकाची दुर्गंधी पुढेच निघून जाते, आणि नाळेवर आपटणाऱ्या लाटा जागा धुऊन काढतात. भोक पाडलेली एक फळी, खाली उघडा समुद्र, एवढीच रचना. स्टॉकहोमच्या बंदरात १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले ‘वासा’ हे जहाज १९६१ मध्ये वर काढले गेले. त्याच्या नाळेवर अशा दोन चौकोनी पेट्या आजही पाहता येतात. वरच्या अधिकाऱ्यांची सोय निराळी असे. जहाजाच्या मागच्या बाजूला दोन्ही अंगांना सज्जासारख्या खोल्या बाहेर काढलेल्या असत, त्यांत त्यांची बैठक असे. अरबी धाऊंवर मागच्या बाजूला समुद्रावर लटकवलेली लाकडी पेटी हेच काम करी.

याच घडणीतले एक जहाज आपल्या मुंबईत बांधलेले आहे. जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मुंबई गोदीत मलबारी सागाची ‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट तयार झाली आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली. ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे आहे आणि अजून तरंगते. (झाशीच्या वाचकांसाठी एक योगायोग : याच वर्षी कंपनीने झाशीच्या रामचंद्ररावांशी तह केला.) त्या काळच्या सर्व फ्रिगेटांप्रमाणे तिच्यावरही खलाशी नाळेवर जात आणि कप्तान मागच्या सज्जात.

या व्यवस्थेत बिघडण्यासारखे काही नव्हते. पंप नाही, झडप नाही, पाण्याखाली भोक नाही. धोका होता तो माणसाला. वादळात नाळेवर बसलेला खलाशी लाटेबरोबर वाहून जाऊ शके. म्हणून खराब हवेत माणसे तिकडे जाणे टाळत आणि जहाजाच्या आतलाच एखादा अंधारा कोपरा गाठत. ती घाण झिरपत तळाशी साठणाऱ्या पाण्यात जाई. जुन्या जहाजांच्या पोटातल्या कुप्रसिद्ध दुर्गंधीत तिचाही वाटा होता.

संडास आत येतो

लंडनचा घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ मध्ये फ्लशच्या संडासाचे पेटंट घेतले. त्यात भांड्याच्या तळाशी सरकती झडप होती. जोसेफ ब्रामा हा सुतारकाम करणारा कारागीर अशी शौचालये घरोघर बसवीत असे. थंडीत ही सरकती झडप गोठून अडकते, हे त्याच्या ध्यानात आले. त्याने तिच्या जागी बिजागरीवर फिरणारे झाकण बसवले आणि १७७८ मध्ये स्वतःचे पेटंट घेतले. इथे थोडे थांबा. दुरुस्तीला जाणाऱ्या माणसाला जे दिसले, ते मूळ संशोधकाला दिसले नव्हते. ब्रामाचा नमुना घरांतून मागे पडल्यावरही बोटींवर दीर्घकाळ टिकला, कारण हलणाऱ्या भांड्यातले पाणी झाकण धरून ठेवते. घरच्यासारखे नळीच्या वाकात साठवलेले पाणी डोलणाऱ्या बोटीवर हिंदकळून निघून जाते.

तरीही ब्रामाच्या संडासातून मैला खाली पडावा लागतो, म्हणजे भांडे समुद्राच्या पातळीपेक्षा वर हवे. छोट्या बोटीत हे जमत नाही. बारा-पंधरा मीटरच्या शिडाच्या बोटीत संडासाची खोली पोटात असते आणि भांडे बाहेरच्या पाण्याच्या पातळीच्या आसपास किंवा तिच्याही खाली येते. तेव्हा मैला वर चढवून बाहेर ढकलावा लागतो. त्यासाठी हातपंप आला, आणि हातपंपाबरोबर बोटीच्या तळाला दोन भोके आली : एक समुद्राचे पाणी आत घेण्यासाठी, दुसरे मैला बाहेर टाकण्यासाठी.

या भोकांचा अर्थ आकड्यांत पाहू. मैल्याच्या पाइपचा व्यास साधारण ३८ मिलिमीटर असतो. पाण्याच्या पातळीखाली ६० सेंटिमीटरवर एवढे भोक मोकळे राहिले, तर सेकंदाला दोन लिटरांहून अधिक, म्हणजे तासाला आठ हजार लिटरांच्या आसपास पाणी आत येते. तासाभरात आठ टन. मध्यम आकाराची बोट सकाळपर्यंत वर राहणार नाही.

यंत्र कसे चालते

हातपंपी संडासाची रचना डोळ्यांपुढे आणा. भांड्याच्या शेजारी एक उभा नळकांडा, त्यात दट्ट्या, वर दांडा. दट्ट्याच्या वरच्या बाजूला समुद्राचे स्वच्छ पाणी, खालच्या बाजूला मैला. दांडा वर ओढला की वरचे पाणी भांड्यात जाते आणि भांड्यातला मैला दट्ट्याच्या खाली ओढला जातो. दांडा खाली दाबला की मैला बाहेरच्या पाइपात ढकलला जातो आणि वरच्या बाजूला नवे पाणी येते. एका छोट्या कळीने बाहेरचे पाणी घेणे बंद करता येते. मग नुसते भांडे रिकामे होते.

बाहेर ढकललेला मैला परत येऊ नये म्हणून पंपाच्या तोंडाशी रबराची एक झडप असते. तिला ‘जोकर व्हॉल्व्ह’ म्हणतात. बदकाच्या चोचीसारखे तिचे दोन ओठ आतून दाब आला की उघडतात आणि बाहेरून दाब आला की मिटतात. यापुढे पाइप थेट भोकाकडे न नेता आधी पाण्याच्या पातळीपेक्षा बराच वर चढवतात आणि मग खाली उतरवतात. या चढाच्या माथ्यावर हवा आत घेणारी लहान झडप असते, कारण पाण्याने भरलेला उलटा ‘यू’ हा सायफन असतो, आणि एकदा सुरू झालेला सायफन आपणहून थांबत नाही. शेवटी प्रत्येक भोकावर एक कॉक. बोट सोडताना हे कॉक बंद करायचे असतात, आणि विसरले जातात तेही हेच.

आता बिघाड. पुढचे वाचताना तुम्ही गुडघे टेकून त्या चिमुकल्या खोलीत बसला आहात असे समजा. हे काम उभ्याने होत नाही.

भांडे आपोआप भरत असेल तर आधी पाण्याचा रंग पाहा. स्वच्छ पाणी आत घेणाऱ्या वाटेने येते : कळ उघडी राहिली असेल, किंवा चढाच्या माथ्यावरची हवेची झडप मिठाने धरून सायफन सुरू झाला असेल. गढूळ पाणी बाहेरच्या वाटेने परत येते, म्हणजे जोकर व्हॉल्व्हचे ओठ सैल पडले, त्यांवर क्षार बसला किंवा कागदाचा तुकडा त्यांत अडकला. खात्री करण्यासाठी आत घेण्याचा कॉक बंद करा आणि पाच-दहा मिनिटे वाट पाहा. पाणी चढायचे थांबले तर दोष आतल्या वाटेचा, नाही थांबले तर बाहेरच्या. ही परीक्षा केल्याशिवाय पंप उघडू नका. चुकीची बाजू उघडून अर्धा दिवस घालवणारे पुष्कळ भेटतात.

दांडा खाली दाबताना जड जात असेल आणि सोडला की उसळी मारत असेल, तर पुढची वाट बंद आहे. जोर लावू नका. आधी बाहेरचा कॉक उघडा आहे का ते पाहा. निम्म्या वेळा कारण तेवढेच असते. बंद कॉकवर पंप मारत राहिलात तर पाइप निखळतो आणि जे समुद्रात जायचे ते तुमच्या अंगावर येते. दांडा दोन्ही बाजूंना सारखाच कुरकुरत असेल तर दट्ट्याचे रबर कोरडे पडले आहे, त्याला वंगण हवे. दांडा अगदी हलका चालतो पण पाणी येत नाही, तेव्हा पंप हवा ओढतो आहे : वरच्या झाकणाचे रबर फाटले, दट्ट्याची कडी झिजली, किंवा बाहेरच्या भोकाच्या तोंडाशी शेवाळ आणि शंख-शिंपले धरले.

दुर्गंधीचे निदान करताना बहुतेक जण चुकतात. काही दिवस बंद असलेल्या बोटीत पहिला पंप मारताच सडक्या अंड्यांचा वास आला, तर तो मैल्याचा नसून समुद्राच्या पाण्याचा असतो. आत घेण्याच्या पाइपात राहिलेल्या पाण्यातले सूक्ष्म जीव मरतात, कुजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. उपाय म्हणजे बोट सोडताना गोडे पाणी ओढून तो पाइप धुणे. मैल्याच्या पाइपालाच वास धरला आहे का हे तपासण्याची जुनी युक्ती आहे : गरम पाण्यात पिळलेले फडके पाइपावरून फिरवा आणि फडक्याचा वास घ्या. फडक्याला वास लागला तर पाइप बदला. रबर आतून पिऊन झाले आहे, धुऊन उपयोग नाही.

सर्वांत सावकाश आणि सर्वांत खात्रीने होणारा बिघाड म्हणजे पाइपातला क्षार. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असते, आणि लघवी कुजू लागली की पाणी अल्कधर्मी होते. दोन्ही एकत्र आले की पाइपाच्या आतून दगडासारखा थर चढतो आणि काही वर्षांत ३८ मिलिमीटरची वाट निम्म्यावर येते. जुने खलाशी पाइप काढून धक्क्याच्या दगडावर आपटून तो थर फोडत. पाइप बसलेला असतानाच अधूनमधून रात्रभर व्हिनेगर ठेवणे हा सौम्य उपाय आहे. एक इशारा लक्षात ठेवा : आम्ल आणि ब्लीच कधीही एकत्र घालू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. त्या वायूची गाठ आपल्याला पुढच्या भागात पडणार आहे.

थर कमी चढावा म्हणून पंप किती वेळा मारायचा, याचा हिशेब करता येतो. ३८ मिलिमीटरच्या एक मीटर पाइपात सुमारे १.१ लिटर पाणी मावते. तुमच्या बोटीत भांड्यापासून भोकापर्यंत तीन मीटर पाइप असेल, तर साडेतीन लिटर पाणी गेल्याशिवाय मैला बाहेर पडलेला नसतो, तो वाटेतच थांबलेला असतो. भांडे स्वच्छ दिसले की माणूस पंप मारायचे थांबवतो, आणि क्षार तिथेच सुरू होतो.

शेवटी कॉक. तो महिन्यातून एकदा उघडझाप करून पाहा. न हलवलेला कॉक जाम होतो आणि ऐन वेळी दांडी हातात येते. पितळी असेल तर समुद्राच्या पाण्यात त्यातले जस्त निघून जाते, धातू गुलाबी आणि ठिसूळ होतो. म्हणून कांस्याचा कॉक वापरतात. आणि प्रत्येक कॉकजवळ मऊ लाकडाची एक निमुळती गुडदी दोरीने बांधलेली असावी. कॉक तुटला तर ती ठोकून भोक बुजवायचे. इतक्या यंत्रांच्या शेवटी भरवसा लाकडाच्या गुडदीवर असतो.

दार कोणी उघडले?

१४ एप्रिल १९४५. युरोपातले दुसरे महायुद्ध संपायला महिनाही उरला नव्हता. स्कॉटलंडच्या पीटरहेडजवळ ‘यू-१२०६’ ही जर्मन पाणबुडी पाण्याखाली होती. तिच्यात खोल पाण्यातही वापरता येईल असा नवा संडास होता. साठ मीटर खोलीवर बाहेरचे पाणी सहा वातावरणांच्या दाबाने आत येऊ पाहते. त्यामुळे झडपा ठरलेल्या क्रमाने उघडायच्या आणि मिटायच्या असत, आणि या कामासाठी शिकवलेला माणूस लागे. त्या दिवशी संडासातून समुद्राचे पाणी आत आले. खाली बॅटऱ्या होत्या. त्यांच्यातल्या आम्लाशी खारे पाणी मिळाले आणि क्लोरीन वायू पसरला. पाणबुडीला वर यावे लागले, वर विमानांनी हल्ला केला, आणि शेवटी खलाशांनीच ती बुडवली. चार माणसे मेली, बाकीचे वाचले.

सर्वत्र सांगितली जाणारी गोष्ट अशी आहे की कप्तान कार्ल-अडोल्फ श्लिट याने शिकलेल्या माणसाला न बोलावता संडास वापरला आणि चुकीची झडप फिरवली. गोष्ट चटकदार आहे, म्हणून टिकली. श्लिटने स्वतः पुढे वेगळी हकिकत दिली. त्याच्या म्हणण्यानुसार डिझेल इंजिने बिघडली होती आणि तो इंजिनाच्या खोलीत होता. त्याच वेळी पुढच्या संडासाची बाहेरची झडप दुरुस्त करण्याचा प्रयत्न कोणी मेकॅनिक करत होता, आणि झडप उघडी आहे की बंद हे दाखवणारी खूण बहुधा चुकीची होती. पुरावा आपल्यापाशी नाही, असेही त्याने मान्य केले.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून या दोन कथा शेजारी ठेवा. कप्तानाला स्वतःला वाचवायचे आहे, तेव्हा त्याची साक्ष जशीच्या तशी घेता येत नाही. पण पहिल्या कथेत आपल्याला फक्त एक दोषी माणूस मिळतो. दुसरीत यंत्राविषयी काही कळते : दुरुस्तीच्या वेळीच दार सर्वांत असुरक्षित असते, आणि दाराची स्थिती दाखवणारी खूण खोटी बोलू शकते. ओरछा गेटाच्या कथेकडेही याच नजरेने पाहता येते. दुल्हाजूचे नाव घेतले की शहर पडण्याचे कारण एका माणसात मावते, आणि पडलेले खिंडार, शिड्या, थकलेले गोलंदाज यांच्याविषयी विचारायचे राहून जाते.

टोपास

मोठ्या जहाजांवर हे दार राखायचे काम ज्याच्याकडे होते, त्याचे नाव आता विसरले जात आहे. हिंदुस्थानी खलाशी घेऊन चालणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांच्या आगबोटींवर कामगारांची एक ठरलेली उतरंड असे. वर सारंग, मग तांडेल, मग खलाशी, स्वयंपाकाला भंडारी, आणि संडास, न्हाणीघरे, डेक झाडण्या-धुण्याला टोपास. डेकवरचे खलाशी मोठ्या संख्येने रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे असत, भोजनगृहातले गोव्याचे. टोपास बहुधा मेहतर समजल्या गेलेल्या जातींतून घेतला जाई. जमिनीवरची व्यवस्था जशीच्या तशी जहाजावर चढली होती.

शब्दाचा प्रवास मोठा विचित्र आहे. सतराव्या-अठराव्या शतकांत पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगीज वंश किंवा धर्म सांगणाऱ्या ख्रिस्ती शिपायांना ‘टोपास’ म्हणत. काहींच्या मते हा शब्द ‘टोपी’वरून आला, जुन्या मराठी कागदांत युरोपियनांना टोपीकर म्हणतात ते आठवा. इतरांच्या मते तो ‘दुभाषी’चा अपभ्रंश आहे. हत्यारबंद शिपायाचे हे नाव घसरत घसरत जहाजावरच्या झाडूवाल्याला चिकटले. भारतीय नौदलातही स्वातंत्र्यानंतर अनेक दशके टोपास हे पद राहिले. अलीकडच्या भरतीच्या जाहिरातींत त्याच्या जागी ‘हायजिनिस्ट’ आले आहे.

ज्या रत्नागिरीतून डेकचे खलाशी जात, त्याच रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये एक प्रसंग घडला, तो इथे सांगायला हवा. सत्याग्रही कैदी आप्पासाहेब पटवर्धन यांनी मैला सफाईचे काम आपल्याला द्यावे अशी मागणी केली. उच्चवर्णीय कैद्याला ते काम देता येणार नाही, असे उत्तर मिळाले. शिक्षा म्हणून खडी फोडायला लावता येई, पण संडास साफ करायला नाही. ते काम जन्माने ठरलेले. आप्पासाहेबांनी अन्नत्यागाचा मार्ग धरला. ही बातमी येरवड्याच्या तुरुंगात गांधींना समजली आणि त्यांनीही डिसेंबरच्या आरंभी त्यांना साथ म्हणून उपवास सुरू केला. सरकारकडून आश्वासन मिळाल्यावर तो थांबला. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ आप्पासाहेबांनी गोपुरी आश्रम उभा केला आणि तिथे संडासांवरच प्रयोग केले : मैल्याला हात न लावता त्याचे खत कसे होईल, हा त्यांचा प्रश्न होता. कोकणात त्यांना ‘कोकणचे गांधी’ म्हणतात.

आता छोट्या बोटीकडे परत या. तिच्यावर टोपासला जागाच नसते. गोव्याच्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरियस शिपयार्डमध्ये नौदलासाठी ‘म्हादेई’ ही ५६ फुटी शिडाची बोट बांधली गेली. बांधणीच्या काळात कमांडर दिलीप दोंदे तिथे होते. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून परतले. असे करणारे ते पहिले भारतीय. वाटेत त्यांनी फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली आणि केपटाऊन येथे चार मुक्काम केले. त्यानंतर २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच बोटीतून न थांबता फेरी केली. सप्टेंबर २०१७ ते मे २०१८ या काळात लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या तशाच, दिवाडीलाच बांधलेल्या बोटीतून जगाला वळसा घातला.

नौदलाच्या जहाजावर या अधिकाऱ्यांना संडासाच्या झडपेकडे पाहावे लागले नसते. खाली त्यासाठी पदे होती. ५६ फुटांच्या बोटीवर दक्षिण महासागरात सर्वांत जवळचे बंदर आठवड्यांच्या अंतरावर असते आणि जे बिघडेल ते बोटीवरच्याच हातांनी उघडावे लागते. तिथे कमांडर हाच सारंग आणि कमांडर हाच टोपास. शिडाच्या बोटीवर प्रशिक्षण घेतलेल्या कोणालाही विचारा. पहिल्या आठवड्यात शिकवल्या जाणाऱ्या गोष्टींत गाठी असतात, शिडे असतात, आणि संडासाचे कॉक असतात.

समुद्र नसलेल्या गावात

मैला समुद्रात कुठे टाकायचा यावर आज नियम आहेत. मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराचे सांडपाण्याविषयीचे चौथे परिशिष्ट २७ सप्टेंबर २००३ पासून लागू झाले. ४०० टनांपासून पुढची किंवा १५ हून अधिक माणसे नेण्याची परवानगी असलेली जहाजे त्यात येतात. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत टाकता येत नाही. छोट्या बोटींना अनेक देशांनी आपापले नियम लावले आहेत. म्हणून हल्लीच्या बोटीत मैला साठवायची टाकी असते आणि टाकीकडे की समुद्राकडे हे ठरवणारी आणखी एक झडप असते. बिघडण्याच्या जागा त्यामुळे दोनांनी वाढल्या.

झाशीला समुद्र नाही, पण मोठे रेल्वे जंक्शन आहे, आणि रेल्वेच्या डब्यातला संडास बराच काळ नाळेवरच्या फळीसारखाच राहिला : भोक, आणि खाली रूळ. फरक इतकाच की समुद्र धुऊन नेतो, रूळ धुवायला माणूस लागतो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावण्यावर जी बंदी घातली, तिच्या व्याख्येत रेल्वेमार्गाचा उल्लेख स्पष्ट आहे. त्याआधीच, जानेवारी २०११ मध्ये, ग्वाल्हेरहून झाशीमार्गे वाराणसीला जाणाऱ्या बुंदेलखंड एक्स्प्रेसमध्ये जैविक शौचालये बसवली गेली. ती ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेने विकसित केलेल्या जिवाणूंवर चालतात. डब्याखालच्या टाकीत जिवाणू मैल्याचे पाणी आणि वायू करतात.

ही टाकीही बोटीच्या पंपासारख्याच कारणांनी बंद पडते. २०१७ च्या कॅगच्या अहवालात या शौचालयांच्या तक्रारींची नोंद आहे आणि त्यांत तुंबण्याच्या तक्रारी ठळक आहेत. जिवाणूंना मैला पचतो. पाण्याची बाटली, गुटख्याची पुडी आणि बाळाचे डायपर पचत नाहीत. भांड्याखालची वाट अडली की पुढच्या डेपोत गाडी उभी राहते, आणि डब्याखाली शिरून ती मोकळी करायचे काम कामगाराच्या वाट्याला येते. तुम्ही झाशीला गाडीत चढाल तेव्हा संडासाच्या दारावरची सूचना वाचा. बाटली आत टाकू नका, असे त्यावर लिहिलेले असते.